शोधनिबंधात न मावलेली हकिकत सांगावी का?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, पाषाण)

नमस्कार. मी शेवंतीच्या फुलोऱ्यावर पीएच.डी. करीत आहे. शेवंतीला कळी धरण्यासाठी सलग लांब रात्र लागते, म्हणून आमच्या कुंड्या संध्याकाळी काळ्या कापडाने झाकल्या जातात. गेल्या वर्षी कडेच्या अकरा कुंड्यांना कळ्याच आल्या नाहीत. खत, पाणी, रोपे असे सगळे तपासण्यात चार महिने गेले. शेवटी पहारेकरी काकांनी आपणहून सांगितले की, मध्यरात्रीच्या फेरीला ते जिन्यातला दिवा लावतात. कापडाची शिवण नेमकी तिथेच उसवली होती आणि बोटभर फटीतून उजेड त्या कुंड्यांवर पडत होता. निबंधात याचे एकच वाक्य उरले आहे: ‘प्रकाशबाधित कुंड्या विश्लेषणातून वगळल्या.’ २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मला शाळकरी मुलांसमोर बोलायचे आहे. ही हकिकत सांगितल्यास कामाचे वजन कमी होईल, असे माझ्या मार्गदर्शकांना वाटते. मला मात्र तीच सर्वांत आधी सांगावीशी वाटते. आपला अनुभव काय आहे?

उत्तर १ (निवृत्त रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, औंध)

अवश्य सांगावी. पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी १९६५ साली विश्वाच्या पार्श्वप्रारणाविषयी, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सर्व दिशांनी येणाऱ्या मंद लहरींविषयी, जो छोटा निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात केवळ ४०८० मेगासायकलवरील जादा अँटेना-तापमानाच्या, म्हणजे अँटेनात येणाऱ्या जादा खरखरीच्या, मोजणीचा उल्लेख आहे. अँटेनाच्या शिंगासारख्या पोकळ भागात राहणारी कबुतरे हुसकावून, त्यांची घाण साफ करूनही त्या गूढ खरखरीत फारसा फरक पडला नाही, हे विल्सन यांनी पुढे १९७८च्या नोबेल व्याख्यानात सांगितले. त्या कबुतरांमुळे शोधाचे वजन घटले नाही. उत्तर स्वीकारण्यापूर्वी दोघांनी किती शंका फेडल्या, हे त्यांच्यामुळेच कळते. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीवर १९९८पासून नोंदले गेलेले काही विचित्र संकेत तर चालू मायक्रोवेव्हचे दार मध्येच उघडल्यामुळे येत होते, आणि २०१५ साली संशोधकांनी त्यावर रीतसर निबंधच लिहिला. नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांसोबत काम करणाऱ्यांनाही अशा उपऱ्या लहरींचा माग काढणे चुकत नाही. आपल्या मार्गदर्शकांविषयी आदर राखूनही मला त्यांचे म्हणणे पटत नाही.

उत्तर २ (विज्ञान शिक्षिका, सदाशिव पेठ)

आमची मुले प्रयोगवहीत पुस्तकातले उत्तर आधी लिहितात आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे भरतात, कारण चुकलेल्या आकड्याला गुण मिळत नाहीत, हे त्यांना ठाऊक असते. कळी न आलेली एक कुंडी जमल्यास सोबत आणावी. मुलांना ती हातात घेऊन पाहू द्या.

उत्तर ३ (संपादक, विज्ञान नियतकालिक)

सांगावी, पण आठवणीतून सांगू नये. हकिकत दर वेळी थोडी अधिक गोळीबंद होत जाते, आणि सांगणाऱ्याला ते जाणवतही नाही. १९६७ साली केंब्रिजला संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल रेडिओ दुर्बिणीचा रोज सुमारे शंभर फूट आलेखाचा कागद तपासत असत. ज्या खुणेतून पुढे पल्सार, म्हणजे नियमित स्पंदने पाठवणारे तारे, सापडले, ती पाव इंचभर जागेतली वेगळी खूण आपण पूर्वीही पाहिली आहे, हे त्यांना जुने कागद पुन्हा काढून पडताळता आले, कारण ते जपलेले होते. आपणही बोलण्यापूर्वी प्रयोगशाळेची वही तारखांसह वाचावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वही काढून पाहिली. कुंड्या अकरा नव्हे, नऊ होत्या. काकांनीही आपणहून सांगितले नव्हते. रात्री इथे दिवा कोण लावते, असे मीच त्यांना विचारल्याची नोंद आहे. भाषणात तसेच सांगेन. निबंधाच्या आभारात त्यांचे नाव घालण्यास त्यांनी आज होकार दिला आहे.