मदत हवी आहे: दोर धरून चढण्यासाठी कोणता हँड ग्रिपर घ्यावा?

नमस्कार मंडळी. वय 43, दिवसभर बैठं काम, महिन्यातून एखादा ट्रेक. मागच्या महिन्यात ढाकच्या बहिरीला गेलो होतो. दोराच्या टप्प्यावर दम होता, पायही नीट होते, पण बोटं मिटलेली आहेत असं वाटत असतानाच दोर तळव्यातून इंच इंच सरकत होता. मागच्या मित्राने पायाला आधार दिला म्हणून निभावलं. फार घाबरलो.

घरी येऊन चाकी फिरवून ताण बदलणारा प्लास्टिकचा ग्रिपर घेतला, 10 ते 40 किलोचा. आता 40 वर सलग 50 वेळा दाबतो. पुढे कॅप्टन्स ऑफ क्रश या कंपनी-मालिकेतला, स्टीलच्या स्प्रिंगचा ग्रिपर घ्यावा म्हणतोय. त्यातला 'ट्रेनर' नावाचा ग्रिपर 100 पौंडांचा, म्हणजे साधारण 45 किलो. नंबर 1 आहे 140 पौंडांचा, म्हणजे 63 किलोच्या वर. एकच परवडणार आहे, तर थेट नंबर 1 घेऊ का? आणि हल्ली मूठ आवळली की कोपराच्या आतल्या बाजूला ठणकतं. हे कशाने?

प्रतिसाद:
दादा, नंबर 1 आत्ता नको. प्लास्टिकवरचे 40 आणि स्टीलच्या स्प्रिंगवरचे 40 एक नसतात. दांड्यांची लांबी, त्यांच्यातलं अंतर, सगळंच बदलतं. ट्रेनरच घ्या. दोन्ही दांड्या एकमेकींना टेकल्या तरच एकदा दाबलं असं मोजायचं. पाच-सहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस, बास. रोज पन्नास-पन्नास केल्यानेच कोपर बोलत असणार. स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे मागे राहतात. ठणका पूर्ण थांबेपर्यंत ग्रिपर बाजूला ठेवा, दोन आठवड्यांत थांबला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. ग्रिपरने मूठ मिटण्याची ताकद वाढते, दोरावर लागते ती मिटलेली मूठ टिकवण्याची. कोपर बरं झालं की बारवर टॉवेल टाकून लटका. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या घेऊन गच्चीवर फेऱ्या मारा. 15 लिटरची बादली म्हणजे हातात 15 किलो. शिवाय भाजीच्या जुडीचं रबर पाचही बोटांभोवती घालून बोटं बाहेर उघडा, ती बाजू सगळेच विसरतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ग्रिपर आजपासून कपाटात. टॉवेलचं एक विचारायचं राहिलं: दोन्ही हातांनी एकच टॉवेल धरायचा, की प्रत्येक हाताला वेगळा?