चुलीची राख आणि शेण एकाच खड्ड्यात टाकावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ठाण्यात कोलशेतच्या गावठाणात राहते. घरामागे थोडी जागा आहे. वांगी, मिरची, दुधी-कारल्याचा मांडव आणि कुंपणाला केळी लावायचा विचार आहे. जवळच्या तबेल्यातून म्हशीचं शेण हवं तेवढं मिळतं. शेजारच्या काकींकडे पाण्याचा बंब अजून पेटतो, त्या राख द्यायला तयार आहेत.

सासूबाई मुरबाडच्या. तिकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून पेटवतात. "राख नि शेण जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या लागलंय, टाक एका खड्ड्यात," असं त्या म्हणतात. त्यांचा अनुभव मी हलका मानत नाही. पण राबात शेण जळतं, माझ्या खड्ड्यात ते ओलं राहणार. नर्सरीवाले म्हणतात, राखेमुळे शेणातलं नत्र (नायट्रोजन) उडून जातं. खरं काय? यंदाच्या पावसाआधी खत तयार होईल का? आणि खाडी जवळ असल्याने उन्हाळ्यात माझ्या मातीवर पांढरट थर येतो, त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद:
ताई, नर्सरीवाले बरोबर सांगतायत. राख अल्कधर्मी असते. ओल्या शेणात मिसळली की नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. नाकाला झोंबणारा वास आला की समजायचं, खत उडून चाललंय. राखेत पालाश (पोटॅश) आणि चुना असतो, नत्र जवळपास नसतंच, त्यामुळे गेलेलं भरून निघत नाही. युरियातही राख मिसळू नका.

शेण वेगळं कुजवा, ओल राखा, मधूनमधून वरखाली करा. त्याला काही महिने लागतातच. यंदासाठी तबेल्यातल्या उकिरड्याच्या तळाचं जुनं, काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत मागून घ्या. ताजं शेण घातलंत तर तणाचं बी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही वाफ्यात येतील.

पण तुमच्या धाग्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो पांढरा थर. कोकणातल्या आम्ल, तांबड्या मातीला राखेतला चुना मानवतो. खाऱ्या मातीत मात्र राखेने क्षार आणखी वाढतात. आधी मातीचा सामू (pH) आणि क्षार तपासून घ्या. सामू ७ च्या वर आला किंवा क्षार जास्त निघाले, तर राख अजिबात नको. माती आम्ल निघाली तर चौरस मीटरला ५० ते ७० ग्रॅम पुरे, तीही शेणखत घातल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. तोवर राख कोरडी ठेवा, भिजली की पालाश धुऊन जातो. बंबात काय जळतं तेही विचारा. रंगवलेल्या लाकडाची किंवा प्लायवूडची राख भाजीला घालू नये.

धागाकर्ती:
मनापासून आभार! काकींना विचारलं, बंबात जुन्या खिडक्यांच्या रंगीत फळ्याही जातात. म्हणजे ती राख बादच. मग केळीला पालाश कशातून द्यावा? लेंडीखत चालेल का, की खारेपणामुळे तेही जपून घालावं? केळी लावणाऱ्या कुणी सांगाल का?