नसबंदीनंतरचा पाचवा दिवस, चिंगी एका जागी बसत नाही. मदत हवी आहे

आम्ही साताऱ्यात, गोडोलीला राहतो. दोन वर्षांपूर्वी भर पावसात दारात येऊन बसलेली गावठी कुत्री चिंगी आता घरचीच झालीय. मंगळवारी तिची नसबंदी केली. आज रविवार, डॉक्टरांचा फोन लागत नाही, म्हणून इथे विचारतेय.

पहिल्या रात्री भुलीत नुसती पडून होती. दुसऱ्या दिवशी थोडा दहीभात खाल्ला. तिसऱ्या दिवशी भूक परत आली आणि तिथूनच खरा वैताग सुरू झाला. रोज पहाटे आमच्या ह्यांच्याबरोबर अजिंक्यताऱ्याच्या वाटेला जायची सवय, त्यामुळे साडेपाचला दाराशी हजर. काल तर जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या एका उडीत उतरली. संध्याकाळी बघते तर टाक्यांच्या खालच्या टोकाला बोराएवढा फुगवटा! मऊ आहे. गरम नाही, लालही नाही, पू किंवा वास नाही.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेलं प्लास्टिकचं नरसाळं तिने चौकटीवर आपटून फोडलं. सध्या भाच्याचा जुना टीशर्ट घातलाय, शेपटीपाशी गाठ मारून. शूला नेताना गाठ सोडायची, आल्यावर बांधायची, दिवसभर तोच उद्योग. सासूबाई म्हणतात, हळद-तेल लाव. मी अजून थोपवून धरलंय.

फुगवट्यासाठी आजच धावपळ करावी का? आणि दुखत असेल तर घरातली पॅरासिटामोल दिली तर चालेल?

प्रतिसाद १
ताई, ती गोळी आधी डब्यात परत ठेवा. माणसांची पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. दुखण्याचं औषध डॉक्टर वजन बघून देतील तेवढंच. हळद-तेलही नको, ती चाटत बसेल. उड्या मारल्या की कातडीखाली पाणी साठतं, बहुतेक वेळा ते आपोआप जिरतं. सारखं दाबून बघू नका. शेजारी रुपयाचं नाणं धरून आत्ता फोटो काढा, रात्री परत काढा. तेवढंच असेल तर उद्या सकाळी दाखवा. पण झपाट्याने वाढला, रक्त टपकायला लागलं, हिरड्या पांढरट पडल्या किंवा पोरगी मलूल होऊन पडली, तर मध्यरात्र असली तरी न्या.

प्रतिसाद २
सांगलीहून लिहितोय. आमच्या राणीला टाके निघेपर्यंत घरातसुद्धा पट्ट्यावर ठेवलं होतं, पट्टा खाटेच्या पायाला. 10 ते 14 दिवस धरून चाला. अंघोळ नाही. आणि माशा बसू देऊ नका, जखमेत अळ्या पडतात. आमची फार भुंकायची, मग फडक्यात भाकरीचे तुकडे गुंडाळून द्यायचो. सोडवण्यात अर्धा तास जायचा, फडक्याची मात्र वाट लागायची.

धागाकर्ती
सोमवारी दाखवून आणलं. पाणीच साठलंय म्हणाले, टाके पुढच्या शुक्रवारी काढणार. नवं नरसाळं कापडी मिळालं. हे आता बूट हातात घेऊन मागच्या दाराने सटकतात. आज साडेपाचला चिंगी मागच्या दाराशी बसली होती.