शब्दचर्चा : ‘प्राथमिक साधने’ म्हणजे कोणती साधने?

प्रश्न :

अमेरिकेतील आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. मुले आपापल्या शाळेत अमेरिकेचा जो इतिहास शिकतात, त्याविषयी त्यांना मराठीतही बोलता यावे, म्हणून मी काही पाठ, चित्रे आणि प्रश्नांची पाने तयार करून इतर शिक्षकांसाठी ड्राइव्हवर ठेवली आहेत. ‘प्रायमरी सोर्सेस’, म्हणजे त्या त्या काळातलीच कागदपत्रे, असलेल्या फोल्डरला मी ‘प्राथमिक साधने’ असे नाव दिले होते. बालवर्गाच्या ताईंनी नाव वाचून ते आपल्यासाठीच आहे असे समजून छापखाना चालू केला आणि सहा वर्षांच्या मुलांच्या हाती १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पडला. चूक त्यांची नाही, शब्दाची आहे असे मला वाटते. योग्य शब्द कोणता? ‘प्रिंटेबल’ आणि ‘शेअर करणे’ यांबद्दलही आपले मत हवे आहे.

प्रतिसाद :

ताई, आपल्या फोल्डरच्या नावातील दोन्ही शब्द दुहेरी अर्थाचे आहेत. ‘प्राथमिक’ म्हटले की मराठी माणसाला आधी प्राथमिक शाळा आठवते, मग प्राथमिक उपचार. इतिहासाच्या अभ्यासातला अर्थ फार मागून येतो. ‘साधने’ या शब्दाचेही तसेच आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे ‘सोर्स’ या अर्थी रुळलेला आहे, आणि भौतिक, लिखित व मौखिक साधने ही विभागणी महाराष्ट्रातल्या मुलांना पाठ्यपुस्तकातूनच ठाऊक असते. परंतु अध्यापनाच्या क्षेत्रात ‘शैक्षणिक साधने’ म्हणजे तक्ते, नकाशे, प्रतिकृती. तेव्हा ‘साधन’ हा शब्द इतिहासाच्या पुराव्यासाठी राखून ठेवावा आणि वर्गात वापरायच्या सगळ्या सामग्रीला, जिल्हा परिषदेच्या शाळांत म्हणतात तसे, ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणावे, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

‘प्राथमिक’च्या जागी ‘अस्सल’ हा दफ्तरातला शब्द घेण्याचा मोह होईल, पण तो इथे जपून वापरावा. अस्सल हा कागदाचा गुण आहे. त्याच्या विरुद्ध नक्कल. जाहीरनाम्याचे जे चित्र वर्गावर्गांत वाटले जाते, ते पुष्कळदा मूळ चर्मपत्राचे नसून विल्यम स्टोन यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून १८२३ मध्ये पुऱ्या केलेल्या प्रतिकृतीच्या ठशाचे असते, कारण मूळ पत्रावरची शाई फार फिकट झालेली आहे. शिवाय ४ जुलैच्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅप यांनी छापलेल्या प्रती चर्मपत्राच्याही आधीच्या आहेत. चर्मपत्रावर बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या. लिंकन यांच्या गेटिसबर्गच्या भाषणाच्या तर त्यांच्याच हस्ताक्षरातल्या पाच प्रती आहेत, त्या शब्दशः सारख्या नाहीत, आणि तरीही पाचही अस्सलच. म्हणून फोल्डरला ‘मूळ साधने’ म्हणावे, आणि मुलांच्या हाती जाणाऱ्या प्रतीवर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे लिहून ती कोणत्या प्रतीवरून काढली तेही नोंदवावे. आपल्या जुन्या कारकुनांनी घडवलेला इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘फॅक्सिमिली’ कशाला हवा?

प्रतिसाद :

‘प्रिंटेबल’साठी ‘छापील’ चालणार नाही, कारण छापील म्हणजे छापून झालेले. ‘मुद्रणयोग्य’ बरोबर आहे, पण निविदेत शोभेल असा. मी ‘छापण्याजोगे’ लिहितो. जाता जाता एक सूचना : भारतातून येणारी पाने एफोर मापाची असतात आणि तिकडचा लेटर कागद त्याहून सुमारे १८ मिलिमीटर आखूड असतो, त्यामुळे मूळ मापात छापल्यास तळाची ओळ, म्हणजे बहुधा शेवटचा प्रश्न, कापला जातो.

प्रतिसाद :

संगणकावर ‘शेअर’साठी ‘सामायिक करा’ असे दिसते, तरी ते मला पटत नाही. सातबाऱ्यावरचे सामाईक खाते किंवा सामाईक विहीर म्हटले की त्यात सगळ्यांचा हिस्सा आला. आपली फाइल इतरांना फक्त वाचता येत असेल, तर ती सामाईक कशी? ‘सर्वांसाठी खुली ठेवली’ असे म्हणावे, आणि बदल करण्याची मुभा असेल तर तसे वेगळे लिहावे. ‘पब्लिक डोमेन’साठी, म्हणजे ज्यावर कॉपीराइट नाही अशा सामग्रीसाठी, ‘प्रताधिकारमुक्त’ हा चांगला शब्द आहे, परंतु तो सरसकट चिकटवू नये. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर तिथे प्रताधिकार नसतो हे खरे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात असलेले प्रत्येक छायाचित्र मात्र त्यामुळे मुक्त होत नाही. प्रत्येक नोंदीखालची हक्कांची ओळ वाचूनच चित्र घ्यावे.

मूळ प्रश्नकर्ती :

सर्वांचे आभार. ‘मूळ साधन’ मला पटले, पण एका ठिकाणी अडले आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे १८७३ चे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले, आणि ती अर्पणपत्रिका मी यादवी युद्धाच्या पाठाला जोडली आहे. ती मूळ साधन की दुय्यम?

प्रतिसाद :

आपण काय विचारता त्यावर ते ठरेल. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कशी संपली, असा प्रश्न असेल तर पुण्यात आठ वर्षांनी लिहिलेली अर्पणपत्रिका हे मूळ साधन नव्हे. त्या घटनेचा अर्थ महाराष्ट्रात कसा लावला गेला, असा प्रश्न असेल तर याहून चांगले मूळ साधन आपल्याला मिळणार नाही. ‘अस्सल’ शब्द इथे कमी पडतो तो याचमुळे : कागद तोच राहतो, साधनाचा दर्जा प्रश्नाप्रमाणे बदलतो. ती अर्पणपत्रिका फोल्डरमध्ये जरूर ठेवा, फक्त तिच्या पानावर प्रश्न आधी छापा आणि उतारा त्याच्या खाली.