बातमीदारी सोडून भटकंतीची मार्गदर्शिका लिहावी का?

माळवाट (सोलापूर) यांचा प्रश्न

मी सोलापुरातील एका दैनिकात १४ वर्षे बातमीदार आहे आणि गेली ४ वर्षे रविवारच्या पुरवणीत एका दिवसाच्या भटकंतीचे सदरही लिहिते. आपल्याकडे येणारा माणूस सिद्धेश्वर, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करून परततो आणि नळदुर्ग, हत्तरसंग कुडल, माचणूर, परांडा किंवा नान्नजचे माळरान त्याच्या वाटेवर असूनही राहून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. या ठिकाणांची खिशात मावेल अशी मार्गदर्शिका लिहायची आहे. त्यासाठी नोकरी सोडावी का, आणि सदरातले लेख पुस्तकात घेता येतील का?

निवृत्त उपसंपादक

ताई, नोकरी आत्ता सोडू नका. तुमच्या हातात सदराचे लेख आहेत, मार्गदर्शिका अजून नाही. बातमीतली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. पुस्तकातली चूक मात्र वाचकाच्या पिशवीतून थेट त्या जागेवर जाऊन पोहोचते.

माझ्याच बाबतीत घडलेले सांगतो. मी एक छोटी मार्गदर्शिका लिहिली होती आणि तीत भीमेच्या काठाने जाणारी एक पायवाट दिली होती. ती मी फेब्रुवारीत पाहिली होती. उजनी धरणातून पाणी सोडलेले असताना एक कुटुंब लहान मुलांसह त्या वाटेने गेले, पुढे वाट पाण्याखाली दिसली आणि अंधार पडताना त्यांना मागे फिरावे लागले. त्यांचा दूरध्वनी आला तेव्हा मला काही बोलता आले नाही. उरलेल्या सगळ्या प्रती घरी आणून त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी मी आणि पत्नीने हाताने चिकटवली.

म्हणून प्रत्येक ठिकाण किमान दोन ऋतूंत पाहा. नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात पाणी महाल आहे, आणि बंधारा भरून वाहू लागला की त्याच्या अंगावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. मे महिन्यात गेलेल्याला तेथे कोरडा दगड दिसेल, हे लिहिले नाही तर वाचक आपल्याला खोटे ठरवील. वहीत तारीख, वेळ, पिण्याचे पाणी कोठे मिळाले, परतीची शेवटची एसटी किती वाजता आणि हे कोणी सांगितले, एवढे जागेवरच लिहा. घरी येऊन आठवून लिहिलेल्या वेळा हमखास चुकतात. कुडलला संगमेश्वर मंदिरात तुळईवर कोरलेला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाछि तो विजेया होइवा’ (जो वाचील तो विजयी होईल) ही ओळ कोठे उभे राहून, विजेरी कशी तिरपी धरली की वाचता येते, हे तुम्ही सांगितलेत तर वाचक ती स्वतः वाचील. नुसते ‘प्राचीन शिलालेख आहे’ असे लिहून काय साधणार?

कायद्याचा अभ्यासक

लेखांच्या हक्काविषयी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वृत्तपत्राच्या नोकरीत असताना त्यासाठी लिहिलेल्या मजकुराचा नियतकालिकांतील प्रसिद्धीपुरता हक्क मालकाकडे असतो, इतर बाबतींत, म्हणजे पुस्तकासाठीही, पहिला हक्क लेखकाचा असतो. मात्र वेगळा करार झालेला असेल तर तो करार लागू होतो. म्हणून नियुक्तिपत्र आधी काढून वाचा. छायाचित्रे दुसऱ्या कोणी काढलेली असतील तर त्यांची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागेल.

पक्षिनिरीक्षक (उत्तर सोलापूर)

नान्नजविषयी एक विनंती आहे. हे अभयारण्य १९७९ मध्ये माळढोक या पक्ष्यासाठी जाहीर झाले, पण माळढोक आता तेथे अपवादानेच दिसतो. तो उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, यावरून त्याचे भवितव्य किती नाजूक आहे हे कळेल. टिटवी आणि धाविक या पक्ष्यांचीही अंडी मुरमावर उघडी पडलेली असतात. मी एकदा गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवणार, तेवढ्यात हातभर अंतरावर टिटवीची चार ठिपकेदार अंडी दिसली. मुरमाचे खडे आणि ती यांत मला क्षणभर फरकच कळला नव्हता. म्हणून घरट्यांच्या आणि लांडग्यांच्या बिळांच्या जागा पुस्तकात देऊ नका. काळवीट कोठे दिसतात ते अवश्य लिहा, आणि गाडी माळावर घालू नये हे पहिल्याच पानावर छापा.

माळवाट

सर्वांचे मनापासून आभार. नियुक्तिपत्र आज रात्रीच शोधते. नळदुर्ग मी चारही वेळा पावसाळ्यातच पाहिला आहे, हे वरील उत्तर वाचताना लक्षात आले. तेव्हा एप्रिलमध्ये सुट्टीच्या दिवशी पुन्हा जाईन. नान्नजच्या लेखात मी बिळाची खूण दिली होती, ती पुस्तकात येणार नाही.