मदत हवी आहे: साखर कारखान्यातल्या सेंट्रिफ्यूगलच्या (गरगर फिरवून साखरेतलं मोलॅसिस काढणारं मशीन) ड्राइव्हमधून परत येणारी वीज मोजायची कशी?

साखरपट्टा: बॅच मशीनला रिजनरेटिव्ह ड्राइव्ह (मोटर चालवणारे आणि ब्रेकिंगची ऊर्जा वीज करून मागे देणारे) बसवलेत. ब्रेकिंगला वीज परत येते असं पुरवठादार म्हणतो. इनकमरच्या (पॅनलला वीज आणणाऱ्या मुख्य स्विचच्या) मीटरवर एक्स्पोर्ट शून्य. एम.डी. साहेबांना सोमवारी आकडा हवाय. कुठला मीटर लावू? गाळप चालू आहे, लेक्चर नको.

पॅनलवाला: मशीन किती? ड्राइव्ह वेगवेगळे की एकाच डीसी बसवर (सामायिक डीसी जोडणीवर)? वीज टर्बाइनची की बाहेरची? यातलं काहीच न सांगता मीटर कुठला सांगणार?

छतावर_सोलर: सोपं आहे, महावितरणकडे नेट मीटरचा अर्ज करा. माझ्या घरी ३ किलोवॅटचं सोलर आहे, आयात-निर्यात दोन्ही दिसतात. फक्त बिलात गेल्या महिन्याची निर्यात आली नाही, हे कुणाला विचारायचं?

साखरपट्टा: अहो, घरचं सोलर नाही हे. ४ मशीन, प्रत्येकी १७५० किलो चार्ज (एका वेळचा माल), २५० किलोवॅट मोटर. प्रत्येकाचा एएफई (ॲक्टिव्ह फ्रंट एंड, म्हणजे वीज लाइनला मागे पाठवणारा) ड्राइव्ह स्वतंत्र. वीज आमच्याच टर्बाइनची, उरलेली बाहेर जाते.

पॅनलवाला: मग इनकमरवर दिसणारच नाही. एक मशीन ब्रेकला येतं तेव्हा दुसरं स्पीड घेत असतं, शिवाय त्याच पीसीसीवर (वीज वाटणाऱ्या पॅनलवर) पंप आहेत. परत आलेली वीज तिथल्या तिथे खाल्ली जाते. मोजायचं तर प्रत्येक ड्राइव्हच्या लाइन साइडला (पुरवठ्याच्या बाजूला), फिल्टरच्याही आधी. आयात-निर्यातीची वेगळी रजिस्टर असलेला मीटर, दर सेकंदाला नोंद. १५ मिनिटांच्या सरासरीत अख्खी सायकल गुडूप होते.

कीपॅड_किंग: एवढा खटाटोप कशाला? ड्राइव्हच्या कीपॅडवर युनिट येतात. फोटो काढा, साहेबांना द्या.

पॅनलवाला: बहुतेक ड्राइव्हचा तो आकडा मोटरच्या बाजूचा, तोही हिशेबाने काढलेला. एएफई आणि फिल्टरचं नुकसान त्यात धरलेलं नसतं. ऑडिटर पहिला प्रश्न तोच विचारेल.

कीपॅड_किंग: आमच्या ऑडिटरने कधी विचारलं नाही.

जुना_फोरमन: हे काही नवीन नाही. आमच्या वेळी पोल-चेंजिंग (वाइंडिंग बदलून स्पीड बदलणाऱ्या) मोटर असायच्या. वरच्या स्पीडवरून खालच्या वाइंडिंगवर टाकली की तीसुद्धा वीज मागे ढकलायची. कुणी मोजत नव्हतं, साखर निघत होती.

लोकोशेड: आमच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनात वापरलेली आणि परत दिलेली वीज वेगवेगळी दिसते. कारखान्यात एवढा घोळ का, कळत नाही.

साखरपट्टा: रेल्वे राहू द्या. एका मशीनला क्लॅम्पवाला (केबलभोवती चिमटे लावून वीज मोजणारा) पॉवर अॅनालायझर लावला. ब्रेकिंगला सरासरी उणे ६० किलोवॅट दिसतंय. एवढीशीच वीज येते म्हणजे पुरवठादाराने गंडवलं का?

जडत्व: आधी कागदावर करू. टॉप स्पीड, ब्रेकिंगचा वेळ आणि जडत्व सांगा.

साखरपट्टा: ११०० आरपीएम, ३५ सेकंद. डेटाशीटवर भरलेल्या मशीनचं जडत्व १५०० किलो-चौरस मीटर.

जडत्व: ब्रेकच्या वेळी मोलॅसिस निघून गेलेलं असतं, म्हणून १३०० धरतो. ११०० आरपीएमला साठलेली ऊर्जा साधारण ८६ लाख जूल, म्हणजे २.४ युनिट. हवेचं घर्षण, मोटर, ड्राइव्ह यांचं जाऊन १.८ च्या आसपास लाइनला यावेत. ३५ सेकंदांत १.८ युनिट म्हणजे सरासरी १८५ किलोवॅट. तुमचे ६० बरोबर एक तृतीयांश दिसतायत. स्पीड घेताना मीटर किती दाखवतो आणि ड्राइव्ह किती?

साखरपट्टा: मीटर ८५, ड्राइव्ह २५०.

पॅनलवाला: मिळालं. तीनपैकी एक क्लॅम्प उलटा बसलाय. दोन फेज अधिक, एक वजा, बेरीज एक तृतीयांश. फेजवार किलोवॅटचं पान उघडा, एकाचं चिन्ह वेगळं असेल.

साखरपट्टा: 'वाय' फेज. त्यासाठी शटडाउन सोमवारपर्यंत मिळत नाही.

पॅनलवाला: क्लॅम्प आहे ना? बाण बघून चालू मशीनवर फिरवता येईल, पण हातमोजे घालूनच. पॅनलमधल्या कायमच्या सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी मात्र चालू लोडवर उघडायची नाही, व्होल्टेज चढतो.

कीपॅड_किंग: बघा, कीपॅडच बरोबर होता.

साखरपट्टा: फिरवला. उणे १८० येतंय. तासाला २० सायकल, ४ मशीन, सायकलला पावणेदोन युनिट. १४० युनिट तासाला धरून महावितरणचा औद्योगिक दर लावतोय.

जडत्व: तो दर चुकीचा. तुम्ही ती वीज विकत घेत नव्हता. तेवढी टर्बाइनची वीज जास्त बाहेर जाते, म्हणून कराराचा निर्यात दर लावा. आणि एका मशीनचा आकडा चारनं गुणू नका, प्रत्येक मशीनला किमान एक शिफ्ट मीटर लावा. पॅन (साखर शिजवण्याचं भांडं) उशिरा सुटला की मशीन रिकामी थांबतात, २० सायकल सगळा वेळ होत नसतात.

साखरपट्टा: निर्यात दर लावला तर आकडा निम्म्यावर येईल. साहेब चिडतील.

जुना_फोरमन: साहेब कुठल्याही आकड्याला चिडतात. शिफ्ट सी ला लाव, तेव्हा मशीन नीट चालतात.