कोर्दोबाच्या जेझुइट एस्तान्सिया: तीन दिवसांत काय पाहावे?

प्रश्न (पांथस्थ)

अर्जेंटिनाच्या प्रवासात ब्वेनोस आयरेस आणि इग्वासूचा धबधबा यांच्यामध्ये आमच्या हाती तीन मोकळे दिवस आहेत. स्पॅनिश राजवटीत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने उभारलेल्या जुन्या वास्तू पाहाव्यात, असा विचार आहे. वाचताना एकीकडे मिसिओनेस प्रांतातील सान इग्नासिओ मिनीचे नाव येते, तर दुसरीकडे कोर्दोबा शहराभोवतालच्या ‘एस्तान्सिया’ समोर येतात. हे दोन्ही एकाच प्रकारचे आहेत का? नुसती चर्चे पाहून मन भरत नाही. ती कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या कष्टाने उभी राहिली, हे जागेवर समजून घ्यायला आवडेल. गाडी मी स्वतः चालवणार आहे, मात्र कच्च्या रस्त्याची सवय नाही.

प्रतिसाद १ (जुनी वाट)

दोन्ही जेझुइटांचेच, परंतु प्रकार अगदी निराळे. सान इग्नासिओ मिनी ही ग्वारानी या स्थानिक आदिवासी लोकांना धर्मांतरित करून वसवलेली वस्ती होती. मधोमध चौक, एका बाजूला चर्च आणि उरलेल्या बाजूंना ग्वारानी कुटुंबांची घरे अशी तिची रचना. आज तिथे लाल वालुकाश्माचे भव्य अवशेष आहेत. एस्तान्सिया म्हणजे शेतीवाडीच्या मोठ्या इस्टेटी; त्यांचा हेतू मुळात कमाईचा होता. जेझुइटांनी १६१३ मध्ये कोर्दोबात उच्च शिक्षण सुरू केले आणि त्यातूनच पुढे तिथले विद्यापीठ आकाराला आले. त्या शिक्षणसंस्थांचा खर्च निघावा म्हणून त्यांनी आसपासच्या डोंगराळ मुलखात शेती, द्राक्षमळे, कापडाचे माग आणि जनावरांची पैदास यांसाठी मोठमोठ्या जमिनी राखल्या. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या चांदीच्या खाणींना खेचरे लागत आणि ती पुरवणे हा या मुलखातला मोठा धंदा होता.

आपला प्रश्न पैशाचा आणि कष्टाचा असेल तर माझ्या मते कोर्दोबाच निवडावे. दोन्ही ठिकाणांमध्ये रस्त्याने हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे, त्यामुळे तीन दिवसांत दोन्ही उरकण्याच्या फंदात पडू नये. इग्वासूला जाणारच आहात, तेव्हा एखादा दिवस वाढवता आला तर सान इग्नासिओ तिकडूनच करावे.

प्रतिसाद २ (पाटाचे पाणी)

वरच्या उत्तराशी सहमत आहे. युनेस्कोने २००० साली कोर्दोबा शहरातील जेझुइट वास्तुसमूह आणि पाच एस्तान्सिया यांना जागतिक वारशात स्थान दिले: कारोया, हेसूस मारिया, सांता कातालिना, आल्ता ग्रासिया आणि ला कांदेलारिया. यांपैकी ला कांदेलारिया दूर डोंगरात आहे. आपल्या बेतात ती बसवू नये.

पहिला दिवस शहराला द्यावा. तिथल्या जेझुइट चर्चमध्ये शिरल्यावर आधी वर पाहावे. दगडी कमान पेलण्याजोगी व्यवस्था नसल्यामुळे फिलिप लेमेर नावाच्या जहाजबांधणीची जाण असलेल्या धर्मबंधूने पराग्वेहून आणलेल्या सीडरचे छत उलट्या गलबताच्या सांगाड्यासारखे जोडले आहे. लाकडी फासळ्या ओळीने वर जाताना पाहिल्या की आपण एखाद्या पालथ्या होडीखाली उभे आहोत, असे वाटू लागते.

दुसऱ्या दिवशी आल्ता ग्रासिया. इथे घाई करू नये. चर्चला लागूनच निवासाचा वाडा आहे, जवळ कारागिरांचे कारखाने आणि १६५९ सालचा ‘ताखामार’ हा बांधीव तलाव आहे. बहुतेक पर्यटक तलावाकाठी छायाचित्र काढतात आणि निघतात. वास्तविक त्या तलावातले पाणी पिठाच्या गिरण्या फिरवत असे आणि शेतात पोहोचत असे, त्यामुळे साऱ्या इस्टेटीची नाडी तिथेच होती. १८१० मध्ये हा वाडा माजी व्हाइसरॉय लिनिएर्स याच्याकडे आला आणि त्याच वर्षी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. चे गेव्हाराचे लहानपणीचे घरही याच गावात आहे. पण ते पाहण्याच्या नादात वाड्याचा वेळ खाऊ नये.

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडील हेसूस मारिया आणि सांता कातालिना. हेसूस मारियाला द्राक्षमळे आणि वारुणी यांचे महत्त्व होते. सांता कातालिनाचे पांढरे, दोन मनोऱ्यांचे चर्च मोकळ्या माळावर अवचित समोर येते. माझ्या मते सर्व एस्तान्सियांत तेच सर्वांत देखणे. संगीतकार दोमेनिको झिपोली १७२६ मध्ये इथेच वारला, असे परंपरा सांगते.

प्रतिसाद ३ (तळटीप)

एक महत्त्वाची गोष्ट वर राहून गेली. या जमिनींवर राबणारे बरेचसे लोक आफ्रिकी वंशाचे गुलाम होते आणि प्रत्येक मोठ्या एस्तान्सियावर त्यांच्या राहण्यासाठी ‘रांचेरिया’ नावाची चाळवजा वस्ती असे. १७६७ मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने जेझुइटांना हाकलले, तेव्हा जमीन आणि जनावरांबरोबर ही माणसेही मालमत्तेच्या याद्यांत मोजली गेली. सांता कातालिनाच्या रांचेरियात आज उपाहारगृह चालते. तिथे जेवताना त्या लहान, एकाला एक लागून असलेल्या खोल्यांकडे जरूर पाहावे आणि मग चर्चच्या दर्शनी भागाकडे वळावे. आपल्याला हवे असलेले उत्तर त्या दोन नजरांमध्येच सापडेल. ही एस्तान्सिया जेझुइटांनंतर ज्या कुटुंबाने विकत घेतली, त्याच्या वंशजांकडेच अजून आहे. त्यामुळे सगळीकडे मुक्त प्रवेश मिळेल, असे गृहीत धरू नये.

पांथस्थ

तिघांचेही आभार. कोर्दोबाच निश्चित केले. सांता कातालिनाचा रस्ता कितपत कच्चा आहे?

पाटाचे पाणी

शेवटचा टप्पा मातीचा आहे. कोरड्या हवेत साधी गाडी सावकाश जाते, पण डिसेंबर ते मार्च या पावसाच्या महिन्यांत तो चिखलाने भरतो. आपण हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर धुळीखेरीज त्रास नाही. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेवढे पाहून दिवस ठरवावेत.